आईच्या डाव्या हाताची वजनं

मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा माझं वजन अठ्ठेचाळीस किलो होतं. हा आकडा मला पक्का माहीत असायचा, कारण माजलगावच्या मोंढ्याजवळ आमचं किराणा दुकान होतं आणि दुकानात पोती तोलायचा मोठा काटा होता. येता-जाता मी त्यावर उभा राहायचो. माझे वडील, म्हणजे आमचे अप्पा, गादीवर बसल्या बसल्या म्हणायचे, "साखरेचं पोतं शंभराचं असतंय. तू अर्ध्या पोत्याचा बी न्हाईस."

गावात नुकतीच केबल आली होती. तोवर ज्यांना अंगात सदरा घालूनच पाहिलं होतं ते नट आता उघडे दिसायला लागले होते, आणि त्यांचे दंड आमच्या मांड्यांएवढे होते. कॉलेजातली पोरं बाह्या दुमडून फिरायला लागली. तालमीत जायची मला लाज वाटायची. तिथली माती, तिथले आडदांड गडी, त्यांच्यात मी म्हणजे उदबत्तीची काडी. मग ठरवलं की घरीच व्यायाम करायचा. डंबेल्स आणायचे.

औरंगाबादला मला एका परीक्षेचा फॉर्म भरायला जायचं होतं. फॉर्म भरला आणि थेट गुलमंडीजवळच्या एका दुकानात गेलो. दुकानदार म्हातारा होता, गळ्यात शिट्टी अडकवलेली. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि न विचारताच दोन किलोची जोडी पुढं ठेवली. मला अपमान वाटला. म्हटलं, "दहाची दाखवा."

"बेटा, पहले दो. फिर पाँच. दस को साल लगेगा."

"दहाचीच द्या."

त्यानं खांदे उडवले आणि लोखंडाची दोन काळी डंबेल्स गोणपाटाच्या पिशवीत घालून दिली. पिशवी रस्त्यापर्यंत नेताना मी तीनदा खाली ठेवली. एस.टी.त कंडक्टरनं पायानं चाचपून पाहिलं.

"काय हाय बे ह्यात?"

"डंबेल्स. व्यायामाचे."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मागच्या सीटवरच्या माणसाला सांगितलं, "मालकापेक्षा सामानच दणकट हाय." गढीच्या फाट्यापर्यंत ते दोघं अधूनमधून हसत होते.

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी खरं काय ते कळलं. उजव्या हातानं चारदा, तेही कंबर मागं टाकून. डाव्या हातानं दोनदा. पण ते कबूल करायची माझी तयारी नव्हती. दुकान आणि घर यांच्यामध्ये आमचा एक अरुंद बोळ होता. तिथं गारवा असायचा आणि कुणी बघायला नसायचं. रोज सकाळी आंघोळीआधी मी तिथं दात-ओठ खाऊन ती डंबेल्स वर-खाली करायचो, आणि महिनाभरात दंडाऐवजी माझी पाठ तेवढी भरून आली.

आईला या सगळ्याचं मोठं कौतुक होतं. ती मला रोज भिजवलेले हरभरे द्यायची. एकदा तिनं जाता जाता एक डंबेल उचलून पाहिलं, दोन्ही हातांनी. "लई जड हाय रे. कशापायी एवढं?" म्हणाली आणि ठेवून दिलं.

एका सकाळी मला कॉलेजला उशीर झाला होता. एक डंबेल भिंतीला लावलं, दुसरं तिथंच वाटेत राहिलं. मी न्हाणीत अंगावर पाणी घेत होतो तेव्हा बोळातून बादली आपटल्याचा आवाज आला आणि मागोमाग आईचा, पण तो आवाज ओरडण्याचा नव्हता. कुणीतरी छातीवर बुक्की मारल्यावर येतो तसला होता.

ती धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन गच्चीकडं निघाली होती. बादलीमुळं पायाखालचं डंबेल दिसलं नाही. मी ओल्या अंगानं धावलो तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती आणि डावा हात उजव्या हातात धरून त्याच्याकडं पाहत होती. मनगट पळीसारखं वाकलं होतं. अप्पा दुकानातून आले. त्यांच्या हाताला गूळ लागलेला होता.

"काय झालं?"

"साबणाच्या पाण्यावरून पाय घसरला," आई म्हणाली.

ती पडली तिथं बोळ कोरडा ठणठणीत होता. बादली पुढं कलंडली होती, तिच्यातलं पाणी सगळं गच्चीच्या पायरीकडं गेलं होतं. अप्पांनी एकदा खाली पाहिलं, एकदा माझ्याकडं. शेजाऱ्यांची जीप बोलावली आणि आईचा हात एका टॉवेलवर, टॉवेल स्वतःच्या मांडीवर, असं बीडपर्यंत नेलं. रस्त्यात खड्डा आला की ते दोन्ही हातांनी टॉवेल वर उचलून धरायचे. मी समोर बसलो होतो.

हाडांच्या डॉक्टरांनी हात ओढून सरळ केला आणि कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. सहा आठवडे.

संध्याकाळी परत आलो. अप्पा दुकान उघडायला गेले आणि जाताना बोळात थांबले. ते डंबेल त्यांनी उचललं, भिंतीजवळच्या दुसऱ्याशेजारी नीट ठेवलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "वजन उचलल्यावर जाग्यावर ठेवायचं असतंय." दुकानातली वजनं वापरून झाली की लहानमोठ्या क्रमानं मांडून ठेवायची त्यांची शिस्त होती. एवढंच ते बोलले. पुढं आयुष्यभर त्यांनी तो विषय काढला नाही. मी त्या रात्रीच आईपाशी रडलो तर तिनं मला गप्प केलं. "पाणी होतं तिथं," म्हणाली. तिनं एकदा पाणी म्हटलं म्हणजे पाणी.

सहा आठवडे घर अप्पांनी आणि मी चालवलं. शेजारच्या काकू भाकरी पाठवायच्या, वरण-भात आम्ही करायचो. आई पाटावर बसून सांगायची आणि आम्ही चुकायचो. या गोष्टीचं तिला फारसं वाईट वाटत नव्हतं. तिला वाईट वाटायचं ते सकाळच्या पूजेचं.

आम्ही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, उजव्या हातानं भस्म लावायचं, बेल वाहायचा, आणि त्याच्याकडं एकटक पाहत बसायचं. आई लहानपणापासून हे करत आली होती. प्लास्टर असताना ती लिंग छोट्या वाटीत ठेवायची. "वाटीत काय, हातात काय, देव तोच की," अप्पा म्हणायचे. ती मान हलवायची. पण पूजा लवकर आटपायची.

प्लास्टर निघालं तेव्हा आतून जो हात बाहेर आला तो आईचा वाटेना. बारीक, पांढरट, कातडीची सालं निघालेला. बोटं मिटत नव्हती आणि मुख्य म्हणजे तळहात वर वळत नव्हता. कोपर अंगाशी ठेवून हात उताणा करायला गेली की तो अर्ध्यात थांबायचा, कुणाला नमस्कार करताना असतो तसा, उभा. डॉक्टर म्हणाले, "कोमट पाण्यात हात चालवा. आठवड्यानं हलकं वजन घेऊन व्यायाम सुरू करा. वजन हातात उभं धरायचं आणि मनगट हळूहळू दोन्हीकडं वळवायचं."

वजन म्हटल्यावर मी पुढं झालो. मला वाटलं, हे माझं खातं. माझ्या हातून जे झालं ते मीच निस्तरणार होतो. दहा किलोचं तर शक्यच नव्हतं. दुकानात जाऊन एक किलोचं लोखंडी माप घेऊन आलो. माझ्या दृष्टीनं ते हलकंच. माझ्या डंबेलच्या दहाव्या हिश्श्याचं. ते धरायला गोल आणि गुळगुळीत होतं, तिच्या बोटांतून निसटायचं, म्हणून मी वरून फडकं गुंडाळलं.

"उचल आई. दहा वेळा."

तिनं तीन वेळा उचललं. ओठ पांढरे पडले, पण थांबली नाही, कारण मी मोजत होतो. चौथ्याला माप खाली पडलं. दुसऱ्या दिवशी मनगट सुजून टम्म झालं होतं.

पुन्हा बीड. डॉक्टरांनी सूज दाबून पाहिली आणि विचारलं, "कितीचं वजन घेतलं?"

"एक किलो," मी म्हणालो.

"कुणी सांगितलं?"

आई म्हणाली, "मीच घेतलं, डॉक्टरसाहेब."

डॉक्टरांनी चष्मा काढला. ते तरुणच होते, माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे असतील. माझ्याकडं पाहत म्हणाले, "वजन कसं निवडायचं ते ऐका. जे वजन दहा वेळा नीट, हिसका न देता उचलता येतं ते आपलं वजन. शेवटच्या दोन वेळेला जड वाटलं पाहिजे. पहिल्याच वेळेला जड वाटलं तर ते आपलं नाही, दुसऱ्याचं आहे. आणि डोळ्यांत पाणी आलं तर थांबायचं. दहाचे पंधरा सहज व्हायला लागले की वाढवायचं, पण थोडंच. यांना शंभर ग्रॅमपासून सुरू करा."

"शंभर?" अप्पा म्हणाले. "म्हंजे मिरच्या तोलतो तेवढं?"

"तेवढंच."

शंभर ग्रॅमचं माप दुकानात होतं, पण ते बोटाच्या पेराएवढं. धरणार कसं? बाजारात शंभर ग्रॅमचं डंबेल मिळत नाही. येताना गाडीत अप्पा बोटांनी मांडीवर काहीतरी आखत होते. घरी आल्यावर त्यांनी मांजरपाटाचा तुकडा काढला, त्याची वीतभर लांब, बोटभर रुंद नळी केली आणि पोती शिवायच्या दाभणानं शिवली. आत काय भरायचं यावर मोठा विचार झाला. ज्वारीला कीड लागेल. मीठ पावसाळ्यात पाणी धरतं, म्हणजे आज शंभर भरलेलं उद्या शंभर राहणार नाही. शेवटी सिंदफणा नदीची वाळू ठरली. त्यांनी ती धुतली, गच्चीवर वाळवली, चाळली. मग तागडी स्वच्छ पुसून नळी एका पारड्यात टाकली आणि चिमटीनं वाळू घालत राहिले.

अप्पांचं तोलणं ज्यांनी पाहिलंय त्यांनाच हे कळेल. त्या वर्षांत मसाला, चहा, मीठ, सगळं पाकिटातून यायला लागलं होतं आणि पाकिटावर वजन छापलेलं असायचं. अप्पांचा छापण्यावर विश्वास नव्हता. नवा माल आला की त्यातलं एक पाकीट ते तागडीत टाकायचे आणि कमी भरलं तर अख्खी पेटी परत पाठवायचे. "गिऱ्हाइकानं मला बगून घेतलंय, छापखान्याला बगून न्हाई," म्हणायचे. सुटा माल देताना काटा सरळ झाला तरी ते वरून आणखी चार दाणे टाकायचे. मापात पाप हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा होता.

तसं त्यांनी आईचं पहिलं वजन तोललं. कापडाचं आणि सुतळीचं वजन धरून बरोबर शंभर. तोंड शिवलं आणि पोत्यांवर नावं टाकायच्या काळ्या शाईनं वर लिहिलं, १००.

आई हसली. "पोरीच्या भातुकलीतलं वाटतंय." पण दहा वेळा उचलताना शेवटच्या दोन वेळेला तिला खरोखरच जड वाटलं. मी शेजारी बसून मोजत होतो, आणि शंभर ग्रॅम जड असू शकतं हे मला पहिल्यांदा कळत होतं.

मग तो रोजचा नेम झाला. दुपारी गिऱ्हाईक कमी असायचं तेव्हा आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसायची, कोपर अंगाशी, नळी मुठीत उभी. तळहात खाली, मग वर. जेवढा वळेल तेवढा. दर सोमवारी अप्पा नवी नळी शिवायचे. दीडशे झाली, दोनशे झाली, अडीचशे झाली. जुन्या नळ्या कोनाड्यात ओळीनं लागत गेल्या.

सकाळच्या पूजेत आता वाटी नव्हती. आई लिंग तळहातावर घ्यायची, पण हात पूर्ण उताणा होत नव्हता, तिरका राहायचा. म्हणून शेजारी स्वतःची पूजा झाली की अप्पा त्यांचा डावा हात आईच्या हाताखाली धरायचे आणि हलकेच वर टेकवायचे. तिची पूजा होईपर्यंत तसेच बसायचे. दुकान उघडायला उशीर व्हायचा. बाहेर कुणी हाक मारली तर ते मला मानेनं खूण करायचे, जा, बघ. लग्नाला पंचवीस वर्षं झाली असतील, पण त्या दोघांना एकमेकांचा हात धरून बसलेलं मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं.

अडीचशेच्या आठवड्यात एका दुपारी व्यायाम करताना आईच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती थांबली नाही. दहा पूर्ण केले, नळी कोनाड्यात ठेवली आणि उजव्या हातानं भाजी निवडायला बसली. अप्पांनी ते दुकानाच्या दारातून पाहिलं.

सोमवारी तीनशेची नळी आली. मंगळवारी आईचे चौदा झाले. बुधवारी पंधरा, अगदी सहज. मी तिला इतकं खुश कधी पाहिलं नव्हतं. शेजारच्या काकूंना बोलावून तिनं उचलून दाखवलं. "कालपतुर अडीचशे जड जात हुतं. आज तीनशे फुलासारखं वाटतंय. हातात ताकद आली बगा."

शुक्रवारी तिनं गंमत म्हणून दोन्ही नळ्या काढल्या. उजव्या हातात अडीचशेची, डाव्या हातात तीनशेची. मग हातांची अदलाबदल केली. मग पुन्हा. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. ती उठली आणि डोक्यावर पदर घेऊन बोळातून सरळ दुकानात गेली. गिऱ्हाईक असताना ती कधी दुकानात येत नसे. मी मागोमाग गेलो. समोर शिरूरकडचा एक पागोटेवाला शेतकरी तेल घ्यायला थांबला होता.

"हे तीनशे न्हाई," आई म्हणाली.

"हाय की," अप्पा म्हणाले. "वर लिवलंय."

"लिवलेलं मला कशाला सांगता? काट्यावर टाका."

अप्पा हलले नाहीत. तिनं स्वतःच नळी एका पारड्यात टाकली आणि मला म्हणाली, "अडीचशे टाक." मी दोनशेचं आणि पन्नासचं माप टाकलं. काटा सरळ उभा राहिला. एका केसाचा फरक नाही.

पागोटेवाला इतका वेळ मान तिरकी करून पाहत होता. तो म्हणाला, "अप्पा, तुमच्या तागडीत मापात पाप? आन् तेबी घरच्या मालकिणीला?"

अप्पांचे कान लाल झाले. माझ्या जन्मात मी त्यांना कुणापुढं मान खाली घातलेलं पाहिलं नव्हतं. शेतकऱ्याला तेल दिलं, तो गेला, तेव्हा ते पुटपुटले, "डागदर म्हणला हुता, डोळ्यात पाणी आलं तर थांबायचं. तू थांबंना. मग मीच थांबलो, अडीचशेवर."

"हातापायी रडले न्हाई मी," आई म्हणाली. "त्या दिवशी सकाळी तुमी लातूरच्या व्यापाऱ्याकडं गेलतात. मी एकटीच पूजेला बसले. लिंग घरंगळलं हातातून. मांडीवर पडलं, खाली न्हाई पडलं. पण पडलं."

अप्पांनी पारड्यातली मापं काढून जाग्यावर ठेवली.

"दोन रोज हलकं उचललं तर काय बिघडतंय, असं तुमाला वाटलं आसंल," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मला वाटलं माझ्या हातात ताकद आली. मी काकूला बोलावून दाखवलं. समद्या गावाला तुमी चार दाणे जास्तीचे घालता, आन् मला पन्नास कमी?"

ती आत गेली. त्या दिवशी ती अप्पांशी बोलली नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. जेवायला वाढायची, पण बोलायची माझ्यामार्फत. "भात पायजे का इचार." अप्पाही माझ्याचकडं बघून सांगायचे. पूजेच्या वेळी मात्र त्यांचा हात खाली जायचा आणि ती तो तिथं राहू द्यायची.

रविवारी दुपारी दुकान बंद असताना अप्पांनी तीच नळी उसवली. आईला हाक मारली नाही, पण तागडी बोळातून आत आणून तिच्यासमोर मांडली, पारडी रिकामी करून दाखवली आणि वाळू घालायला लागले. तीनशेला काटा सरळ झाला. त्यांनी चिमटीत आणखी थोडी वाळू घेतली आणि तिच्याकडं पाहिलं.

"नको," आई म्हणाली. "जास्त नको, कमी नको."

त्यांनी चिमटी परत वाटीत सोडली. ती पुढं म्हणाली, "इकडं आणा दाभण. तुमचे टाके लई लांब लांब पडतात." आणि डाव्या हातात नळी धरून उजव्या हातानं तिनं तोंड शिवलं. प्लास्टर निघाल्यापासून डाव्या हातानं केलेलं ते पहिलं काम होतं. आम्हा तिघांनाही ते शिवून झाल्यावर लक्षात आलं.

खरं तीनशे पहिल्या दिवशी सातच वेळा झालं. पण पुढच्या सोमवारपासून अप्पा दुपारी शटर अर्धं ओढून तिच्यासमोर येऊन बसायला लागले आणि मोजायचं काम माझ्याकडून त्यांच्याकडं गेलं. ते धान्य मोजतात तसं मोजायचे. एकाच्या जागी "लाभ" म्हणायचे, मग दोन, तीन. आई हसायची आणि तिचा हात मध्येच थांबायचा, मग पुन्हा पहिल्यापासून.

चारशेच्या आसपास कधीतरी हात उताणा झाला. नेमका दिवस सांगता येत नाही, कारण अप्पांचा हात खाली होताच. त्यांना कळलं असणार, वरचा हात आता खालच्यावर टेकत नाही हे. पण त्यांनी हात काढला नाही. असे किती दिवस गेले कोण जाणे. एका सकाळी आईच म्हणाली, "काढा आता हात. लिंग न्हाई पडायचं." अप्पांनी हात काढून स्वतःच्या मांडीवर ठेवला. दुकान त्या दिवशी वेळेवर उघडलं.

शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी तिला त्यांची दोन बोटं दाबायला सांगितलं. तिनं दाबली. ते म्हणाले, "बस, बस. सोडा." मग माझ्याकडं वळून विचारलं, "तुम्ही कितीचं उचलता?" मी खरं सांगितलं, की दहाचं उचलायचो, पण नीट एकदाही नाही. ते हसले नाहीत. म्हणाले, "मग आईला विचारा."

मी खरंच विचारलं. आईनं मला उंबऱ्यात बसवलं, दोन किलोच्या साखरेच्या दोन पिशव्या दोन्ही हातांत दिल्या आणि म्हणाली, "कंबर हलवायची न्हाई." आठव्यालाच माझे दंड पेटले. दहा झाले तेव्हा ती म्हणाली, "हे तुझं वजन." त्या पिशव्यांवर मी दोन महिने काढले. मग तीन किलो, मग चार. परळीला बँकेत नोकरी लागेपर्यंत मी साडेसातवर पोचलो होतो आणि छप्पन्न किलोचा झालो होतो. नटासारखे दंड काही झाले नाहीत. पण साखरेचं पोतं कलतं करून भिंतीला लावता यायला लागलं, आणि अप्पांनी ते पाहिलं.

आईचा व्यायाम मात्र हात बरा झाल्यावरही थांबला नाही. आधी शेजारच्या काकू आल्या, त्यांची मान धरायची. मग शिंपीण, जिला दिवसभर मशीन चालवून खांदे वर करता येत नव्हते. मग कोपऱ्यावरच्या शाळेतल्या बाई. दुपारी आमच्या स्वयंपाकघरात चार-पाच जणी भिंतीला पाठ लावून बसायच्या. बाईंना पहिल्याच दिवशी अर्ध्या किलोची नळी हवी होती, कारण त्या शिकलेल्या होत्या. आईनं त्यांच्या हातातून ती काढून घेतली आणि दोनशेची दिली. "पयल्या फटक्याला जड वाटली ना? मंग ती तुमची न्हाई." शिंपिणीला उलट, तिला कायम शंभरचीच हवी असायची. तिच्या हातात आई गुपचूप दीडशे सरकवायची आणि दहा झाल्यावर आकडा दाखवायची. मी म्हटलं, "आई, हे मापात पाप न्हाई का?" ती म्हणाली, "मी दाखवते की नंतर."

नळ्या शिवायचं काम अप्पांकडंच होतं. ते कुरकुरायचे, "दुकान चालवू का ह्यो तालीमखाना चालवू?" आणि वाळू चाळत राहायचे.

मग एका दुपारी बायका गेल्यावर ते आत आले आणि उभेच राहिले. वरच्या फळीवरचे डबे काढताना त्यांचा उजवा खांदा धरत होता, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मी सुट्टीवर आलो होतो, कोपऱ्यात पेपर वाचत होतो. त्यांनी कोनाड्याकडं पाहत विचारलं, "म्हंजे, मला किती लागंल?"

आईनं त्यांना आपादमस्तक पाहिलं. मग कोनाड्यातून अडीचशेची नळी काढली.

"अडीचशे?" अप्पा म्हणाले. "मी पोती वडलीत जन्मभर!"

"बसा."

ते बसले. तिनं त्यांची पाठ भिंतीला टेकवली, कोपर सरळ केलं आणि नळी हातात दिली. पहिल्या तीन वेळा त्यांनी तोंड वाकडं करून, हे काय, अशा थाटात हात वर नेला. सहाव्याला थाट गेला. आठव्याला हात कानाच्या वर जाईना आणि कपाळावरच्या भस्मातून घामाचा एक ओघळ खाली आला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी पेपर वर धरला.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"दोन ऱ्हायलेत," आई म्हणाली. तिनं डावा तळहात उताणा करून त्यांच्या कोपराखाली धरला, आधार लागेल न लागेल इतकाच, आणि मोजायला लागली.